उसना हात

शनिवारची सकाळ होती. दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या एक्स-रे खोलीत बाईंनी शिशाचा जड एप्रन अंगावर चढवला, मागचे पट्टे बांधले आणि दाराबाहेर डोकावून हाक मारली, "चला, पुढचा." सगळे त्यांना फोटोबाई म्हणत. हाडांचे फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. गेल्या सोळा वर्षांत त्यांनी इतकी मनगटं पाहिली होती, की एखाद्याचा चेहरा त्या विसरत, पण हाड विसरत नसत.

त्या दिवशी बाकावर आजारी माणूस एकही नव्हता. हायस्कूलच्या फुटबॉल स्पर्धेचा मोसम तोंडावर आला होता आणि स्पर्धा सोळा वर्षांखालच्या मुलांची होती. दाखल्यावरचं वय खोटं असू शकतं, म्हणून प्रत्येक खेळाडूच्या मनगटाचा फोटो जोडायचा असा नियम होता. वाढ शिल्लक असलेल्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी रेघ दिसते. वाढ पुरी झाली की ती भरून येते. रेघ दिसली की मुलगा मैदानात, नाही दिसली की घरी. नियम चांगला होता. पण चांगल्या नियमाला बगल देण्यात आपण पुढारलेली माणसं भलतीच तरबेज असतो.

मोठ्याच्या नावावर धाकट्या भावाचा हात यंत्राखाली ठेवायचा, एवढी साधी ती युक्ती. तिला 'उसना हात' म्हणत, आणि शेजारून वाटीभर साखर आणावी इतक्या सहजपणे म्हणत. ज्याला धाकटा भाऊ नसे त्याला मावसभाऊ असे. सगळ्या मोठ्या शाळा हे करत, सगळ्या पालकांना ठाऊक होतं, आणि यात काही वावगं आहे असं कोणाच्या गावीही नव्हतं. एका संघातला मध्यरक्षक तर सामन्याच्या दिवशी सकाळी दाढी करून येई. त्याला सगळे कौतुकानं दाढीवाला म्हणत.

रांगेत शेवटी बाईंची स्वतःचीच दोन मुलं होती. थोरला लांब्या, दाखल्यावर पंधरा आणि खरा अठरा वर्षांचा. फुटबॉलसाठी त्याला तीन वर्षं एकाच वर्गात बसवून ठेवलं होतं, आणि आता बाकाखाली त्याचे गुडघे मावत नव्हते. धाकटा टिल्लू चौदाचा. यंदा तोही राखीव खेळाडू म्हणून संघात आला होता. बाईंनी टिल्लूचा हात फिल्मवर ठेवला, फोटो काढला आणि टिल्लूचं नाव घातलं. मग फिल्म बदलून तोच हात पुन्हा ठेवला. या वेळी तो दोन बोटं खाली सरकवला, कारण सायकलवरून पडल्याची जुनी खूण दोन्ही फोटोंत दिसली तर घोटाळा झाला असता. त्यावर लांब्याचं नाव पडलं.

"आई, माझा हात दादाचा झाला, मग दादाचा हात कोणाचा?" टिल्लूनं विचारलं.

"गप्प बस. हललास की फोटो बिघडतो."

टिल्लू हसला. लांब्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो हसला नाही, आणि ते बाईंना दिसलं. दिसूनही त्या पुढच्या कामाला लागल्या.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर एक पत्र हातोहात फिरत होतं. टेबल बाबांनी स्वतः केलेलं होतं. ते लाकडी सामानाच्या कारखान्यात सुतार होते. पत्र नदीपलीकडच्या छोट्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचं होतं आणि तिनं ते सगळ्या शाळांना पाठवलं होतं. 'आमच्या शाळेत एकूण नव्वद मुलं,' तिनं लिहिलं होतं. 'त्यांतून आम्ही कसाबसा संघ उभा करतो. गेल्या मोसमात आम्ही बारा-शून्यनं हरलो, त्याचं दुःख नाही. पण आमच्या तीन मुलांची हाडं मोडली. समोर मुलं खेळत होती की बाप्ये, एवढं तरी तपासा.'

"हरले की रडायचं," बाबा म्हणाले. "एवढी भीती वाटते तर खेळू नका म्हणावं."

फुटबॉलचे सर जेवायलाच आले होते. सर गोड बोलत, मुलांची नावं जिव्हाळ्यानं घेत, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणं अवघड जाई.

"वहिनी, मला तरी हे आवडतं का?" सर म्हणाले. "पण समोरचे अठराचे आणतात. आपण खरे पंधराचे उतरवले तर आपल्याच पोरांचा चुराडा होईल. स्पर्धेत टिकायचं तर बरोबरीनं टिकायला हवं. शिवाय यंदा अंतिम सामना बघायला क्रीडा महाविद्यालयाची माणसं येणार आहेत. लांब्याचं काम झालंच म्हणून समजा."

वाचकहो, या युक्तिवादात खोट कुठे आहे ते चटकन सापडत नाही, हीच त्याची खुबी आहे. प्रत्येक जण दुसऱ्याच्या भीतीनं आपलं पोर मोठं करत होता, आणि खरोखर लहान असलेली पोरं मात्र त्याच मैदानात होती. बाईंनी पत्राची घडी घातली. ते टाकून द्यावं असं त्यांना वाटेना आणि पुन्हा वाचावं असंही वाटेना.

मोसम सुरू झाला आणि बाईंच्या खोलीत शनिवारचीच मुलं सोमवारी यायला लागली. मोडलेली करंगळी, निखळलेला खांदा, तडा गेलेली बरगडी. मोडलेली हाडं सगळी काळ्या रेघेची होती. भरलेल्या रेघेचं एकही आलं नाही. हे बाईंच्या ध्यानात तिसऱ्याच आठवड्यात आलं. त्या दिवशी घरी गेल्यावर त्या उगाचच टिल्लूवर खेकसल्या आणि मग त्याच्या ताटात दोन घास जास्त वाढले.

उपांत्य सामना दाढीवाल्याच्या संघाशी होता. एक गोल पुढे असताना लांब्याच्या संघाचा एक रक्षक लंगडत बाहेर आला. सरांनी बाकाकडे पाहिलं. बाकावर तेव्हा टिल्लू एकटाच उरला होता.

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे," सर त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "नुसतं आडवं जायचं. घाबरायचं नाही."

टिल्लू घाबरला नाही. घाबरला असता तर बरं झालं असतं. सहाव्या मिनिटाला दाढीवाला चेंडू घेऊन सुसाट आला आणि टिल्लू सांगितल्याप्रमाणे आडवा गेला. जो आवाज झाला तो पालकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला. शिट्टी त्यानंतर वाजली. लांब्या अख्खं मैदान ओलांडून धावत आला. त्यानं भावाला उचललं, तेव्हा एक पाय गुडघ्याच्या वरून लोंबत होता.

फोटो बाईंनीच काढला. दुसरं कोणी काढणारं नव्हतंच. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि डॉक्टरांच्या आधी त्यांनाच ते दिसलं. गुडघ्याच्या वरचं हाड नेमकं वाढीच्या रेघेतून तुटून सरकलं होतं.

डॉक्टरांनी फिल्म पाहिली. "सांधेल," ते म्हणाले. "पण हा पाय आता दुसऱ्याच्या बरोबरीनं वाढेलच असं नाही. आखूड राहील, कदाचित वाकडाही. चौदाच्या अंगावर पंधराचा पडला तर इतकं होत नाही हो, बाई. कोण होता तो?"

बाईंनी उजेडाच्या पेटीचा दिवा मालवला.

बाबा बाहेर संतापानं येरझारा घालत होते. "सोडणार नाही मी त्याला! घोडा झालाय नुसता! तक्रार करतो. त्याचा फोटो तपासायला लावतो."

"त्याचा फोटो मीच काढलाय," बाई म्हणाल्या. "मावसभावाचा हात होता. सात नंबरच्या पाकिटात आहे. आणि नऊ नंबरच्या पाकिटात आपल्या लांब्याचा आहे. अहो, बोला ना आता. करता तक्रार?"

बाबा भिंतीला टेकले. त्यांचा आवाज जो बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाढीवाला स्वतः वॉर्डच्या दारात येऊन उभा राहिला. जवळून पाहिला तर तोही पोरच होता. एवढा दांडगा, पण हातातली टोपी पिळून पिळून तिचा पार बोळा केलेला.

"काकू, मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "मला एकोणिसावं लागलंय. मी घरी म्हटलं होतं की नको आता, लाज वाटते. बाबा म्हणाले, सगळेच खेळतात."

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. तो काही केल्या येईना. त्याला वर्षानुवर्षं खालच्या वर्गात बसवणारे हात त्यांच्याच घरातल्यासारखे होते, आणि त्याला रेघ मिळवून देणारा हात तर त्यांचा स्वतःचाच होता. त्यांनी त्याला बसायला स्टूल दिलं.

त्या एका गोलावर सामना जिंकून लांब्याचा संघ अंतिम सामन्यात गेला होता, पण टिल्लूच्या अपघाताची कुजबुज वाढली. छोट्या शाळेची मुख्याध्यापिका स्पर्धेच्या चिटणीसांच्या कचेरीत जाऊन बसली आणि अंतिम सामन्याच्या सगळ्या खेळाडूंचे फोटो नव्यानं काढा म्हणून अडून राहिली. चिटणीसांनी शेवटी मान डोलावली. "काढू. फोटोबाईच काढतील," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

शुक्रवारी सर फळं घेऊन वॉर्डात आले. टिल्लू कमरेपर्यंतच्या प्लास्टरमध्ये झोपला होता. सर क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले, आणि त्यांना वाईट वाटलं हे खरं होतं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"वहिनी, उद्या सकाळी लांब्याचा नवा फोटो लागेल. स्ट्रेचरवरून खाली न्यायला मी दोन माणसं देतो. टिल्लूला त्रास होणार नाही."

"कशाचा त्रास?" बाईंना खरंच कळलं नाही.

"म्हणजे, पाय मोडलाय. हात तर धड आहे ना त्याचा?"

लांब्या खिडकीशी उभा होता. तो गर्रकन वळला. बाबांनी मान खाली घातली. बाई उठल्या, फळांची पिशवी उचलून त्यांनी सरांच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.

"पण लांब्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे," सर म्हणाले.

"ज्याचा होता तो तिथे झोपलाय."

सर गेले. बाई लांब्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या तोंडाकडे बघायला त्यांना मान वर करावी लागे.

"तुझं सगळं जाईल, बाळा. महाविद्यालय, सामना, सगळंच. माझी नोकरीही राहायची नाही. पण माझ्यानं आता होत नाही. तू मला शिव्या घाल हवं तर."

"आई," लांब्या म्हणाला. "तीन वर्षं मी पोरांना आडवं पाडतोय. मला कोणी विचारलंच नाही." त्यानं शर्टाची बाही वर केली. "चल खाली."

त्याच्या मनगटाचा तो पहिला खरा फोटो होता. हाडाच्या टोकाशी रेघेचा मागमूस नव्हता.

शनिवारी दुपारी अंतिम सामन्याची यादी पक्की करायला लांब्याच्या शाळेच्या सभागृहात दोन्ही संघांचे पालक जमले. छोट्या शाळेची मुख्याध्यापिका कोपऱ्यात बसली होती. सर्वांत पुढे टेबलामागे चिटणीस होते. बाई आत आल्या. त्यांच्याबरोबर लांब्या होता, आणि सगळ्यांच्या मागून, दाराशीच थांबलेले बाबा. बाईंनी जुन्या फिल्मांची पाकिटं टेबलावर ठेवली आणि वर ती एक नवी. बाकीचे नवे फोटो काढायला त्यांनी सकाळीच नकार दिला होता.

"ही पाकिटं खोटी आहेत," त्या म्हणाल्या. "सगळी नाहीत, पण बरीचशी. मी केली आहेत. कोणत्या नावावर कोणाचा हात आहे ते मी लिहून आणलंय. माझं नाव पहिलं आहे आणि माझ्या थोरल्याचं दुसरं."

सभागृहात एकच गलका उडाला. 'वेड लागलंय हिला,' कोणी म्हणालं. 'धाकट्याचं दुःख झालंय, जाऊ द्या.' चिटणीसांनी टेबलावर हात आपटला.

"बाई, सामना उद्या आहे. पाहुणे निघालेत. हे सगळं सोमवारी बघू."

"सोमवारी माझ्याकडे आणखी एक पोर येईल," बाई म्हणाल्या. "तुम्ही एवढंच करा. इथे बसलेल्या प्रत्येकानं आपल्या मुलाचं वय मोठ्यानं सांगावं. दाखल्यावरचं नको, खरं सांगा."

गलका थांबला. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. बायांनी पदर, पिशव्या, किल्ल्या चाचपल्या. पुरुष आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"अठरा," दाराकडून आवाज आला. तो बाबांचा होता. आठवड्यात पहिल्यांदाच ते एवढ्या मोठ्यानं बोलले होते. "आमचा अठरा पूर्ण."

चिटणीसांनी सभेवरून नजर फिरवली. दुसरं कोणी बोललं नाही. मग त्यांनी घसा खाकरला, यादीतल्या लांब्याच्या नावावर रेघ मारली आणि खाली नवं नाव लिहिलं. "बदली खेळाडू. याचा आणि बाकीच्यांचे फोटो आज संध्याकाळपर्यंत लागतील. शेजारच्या दवाखान्यात एक नवा माणूस आलाय, तो काढून देईल." त्यांनी पाकिटांचा गठ्ठा न उघडता बाजूला सरकवला.

त्या बदली खेळाडूची आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या मांडीला टेकून तिचा धाकटा उभा होता, तेरा वर्षांचा असेल. सरांनी तिला दुरूनच खूण केली आणि ती उठली. धाकट्याचं मनगट तिच्या मुठीत होतं. ती मधल्या वाटेत आली. एका बाजूला सर उघड्या दाराशी वाट पाहत होते. दुसऱ्या बाजूला टेबलाशी एक आई उभी होती, नोकरी पणाला लावलेली, एका मुलाचं भविष्य आणि दुसऱ्याचा पाय गमावलेली, आणि ती तिच्याकडे बघत होती.

ती कुठल्या बाजूला वळली ते मी सांगणार नाही. वाचकहो, ते तुम्हालाच ठाऊक असेल. ती तुमच्या शेजारच्या खुर्चीवरून उठली होती, आणि तिला जाऊ देण्यासाठी तुम्ही पाय आत ओढून घेतले होते.