आर्नेलच्या हातचा रस्सा

पुंजाजींनी ताटलीतलं हाड उचललं, खिडकीच्या उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं आणि पुन्हा भाताशेजारी ठेवलं.

"बोकड न्हाई," ते म्हणाले. "शेळी हाय. दोनदा व्यालेली."

सुकन्येच्या जिवात जीव आला. या फिलिपिनो खानावळीत काय काय शिजतं हे तिला चार वर्षांत पाठ झालं होतं. इथे बैलाची शेपटीसुद्धा शेंगदाण्याच्या रश्शात घालून मिटक्या मारत खाल्ली जायची. म्हणून तिने आठ दिवस आधीच आर्नेलला बजावलं होतं, माझ्या वडिलांच्या, आबांच्या पुढ्यात शेळीच आली पाहिजे, दुसरं काही चालणार नाही. तरी ते टोमॅटोत शिजवलेलं मटण टेबलावर आल्यापासून ती आबांच्या तोंडाकडेच बघत होती. एखाद्याला थाप मारता आली असती, पण चाळीस वर्षं शेळ्या-मेंढ्यांमागे हिंडलेल्या माणसाला हाड खोटं सांगत नाही.

शुक्रवारची दुपार होती. दुबईत सुटीचा वार, त्यामुळे खानावळ भरलेली. कोपऱ्यात टीव्हीवरचे शब्द वाचत दोन मुली माईकवर गात होत्या आणि त्यांचं गाणं कुणीच ऐकत नव्हतं. दारात पाऊल टाकताच वाढणाऱ्या मुलींनी एका सुरात "मॅम-सर!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा हिंगोलीकडच्या साखरा गावच्या पुंजाजींनी चटकन मागे वळून पाहिलं होतं. मागे कुणीच नव्हतं. मग त्यांनी डोक्यावरचा पटका नीट केला आणि धोतराचा सोगा सावरत ते ऐटीत आत आले.

"हे पोरगं कोन म्हनली तू?" त्यांनी समोर बसलेल्या आर्नेलकडे न बघता विचारलं.

"आमच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. आर्नेल नाव हाय त्याचं."

"अन् आपल्याला जेवाया काहून घालून राहिला?"

"असंच. ओळखीचा हाय."

"व्हय का," पुंजाजी म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

आपलं नाव ऐकून आर्नेल हसला. तो मुद्दाम टेबलाच्या पलीकडे बसला होता. सुकन्येनेच तसं सांगितलं होतं. माझ्या शेजारी बसू नकोस, माझ्या ताटलीतलं उचलून खाऊ नकोस, आज तू फक्त दवाखान्यातला सोबती आहेस. दोन वर्षांत त्याने तिचं एवढं कधी ऐकलं नव्हतं. "मग सांगणार कधी?" असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, आबा परत गेले की फोनवर. तिची समोर बोलायची छाती नव्हती, खरं कारण एवढंच. फोनवर माणसाचा चेहरा तरी दिसत नाही.

आणि आबा उद्याच निघणार होते. पंधरा दिवस ते लेकीच्या खोलीत राहिले. समुद्र पाहिला, मोठमोठ्या इमारती पाहिल्या, पण आले होते ते एका कामासाठी. जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या पद्माबाईंचा शिवशंकर जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होता. मुलगी परदेशात नर्स म्हणून त्या घराला भारी कौतुक होतं. लग्न ठरल्यात जमा होतं, फक्त सुकन्येचा होकार अडला होता.

"उद्या मी गेलो की गोरेगाववाल्याइला काय सांगू?" पुंजाजींनी विचारलं. पंधरा दिवसांत चौथ्यांदा.

"जेवा ना आबा. मंग बोलू."

"तुही माय फोनवर रोज तेच विचारून राहिली. किती दिवस मंग मंग करायचं?"

सुकन्येने भातात चमचा उगाच फिरवला.  

तेवढ्यात आर्नेल उठला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथे त्याची मावशी कामाला होती. परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत एक मोठा वाडगा होता, वर वाफ आणि आल्याचा वास. त्याने तो वाकून पुंजाजींच्या पुढे ठेवला. हे सुकन्येला ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी आणि स्वतःसाठी त्याने लहान वाट्या आणल्या होत्या.

पुंजाजींनी चमचा बाजूला ठेवला, वाडगा उचलून तोंडाला लावला आणि एक मोठा घोट घेतला.

मग ते थांबले. मिशांवर रस्सा तसाच राहिला.

सुकन्येने घाईने स्वतःची वाटी ओठांना लावली. कडू. कारल्याचा नव्हे, मेथीचा नव्हे. हा कडवटपणा तिने जन्मात एकदाच चाखला होता आणि तो ती विसरणं शक्य नव्हतं.

ती नऊ वर्षांची होती. मामाच्या पोराचं जावळ होतं वसमतला. बोकड मामानेच कापला आणि सुरी कुठेतरी चुकून पित्ताची थैली फुटली. रस्सा कडू झाला. दोन आळ्यांचे पाहुणे पंगतीला बसलेले, सगळ्यांनी माना खाली घालून गिळलं. पुंजाजी मात्र पहिल्या घासालाच ताटावरून उठले. हात धुतले आणि बायकोला, लेकीला घेऊन भर उन्हात चालत बसस्टँडवर आले. सुकन्येची आई सिंधूबाई गाडीत हिंगोलीपर्यंत रडत होती. नंतर तीन वर्षं मामाशी बोलणं नव्हतं. कुणी समजूत काढायला आलं की पुंजाजींचं एकच उत्तर असायचं, ज्याला लिंबाएवढी थैली सांभाळता येत न्हाई, त्याच्या हवाली काय करावं माणसानं?

सुकन्येने वाटी खाली ठेवली.

"हे कडू कसं?" तिने इंग्रजीत, अगदी हळू विचारलं.

"पित्त घातलंय," आर्नेल आनंदाने म्हणाला. "आमच्या डोंगरातल्या गावाची पद्धत आहे. थैली जपून काढायची, आतलं पित्त मोजून चमचाभर घालायचं. मोठा पाहुणा आला तरच करतात. मी पहाटे येऊन शेळी कापण्यापासून सगळं स्वतः केलंय. तू म्हणालीस ना, तुझ्या वडिलांच्या शेळ्या आहेत. त्यांना कळेल म्हटलं."

त्यांना कळलंच होतं. नको तेवढं कळलं होतं.

"काय म्हनून राहिला?" पुंजाजींनी विचारलं.

सुकन्येने तोंड उघडलं. मुद्दाम पित्त घालतात, हे साखऱ्याच्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? थट्टा वाटली असती. आणि अर्धवट सांगणं त्याहून वाईट होतं, हे कळत असूनही ती अर्धवटच सांगून बसली.

"म्हनतो, त्यानं सोताच्या हातानं केलंय. तुमच्यासाठी."

"कापली बी त्यानंच?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. मावशीचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

"व्हय," ती म्हणाली.

पुंजाजींनी आर्नेलकडे पाहिलं. जेवायला बसल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. आर्नेल दोन्ही हात मांडीवर ठेवून, परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारखा बसला होता. सुकन्येला वाटलं, आता आबा उठतील. खुर्ची सरकल्याचा आवाज तिच्या कानात आधीच वाजला. तिने पर्स जवळ ओढून घेतली.

पुंजाजींनी वाडगा उचलला. दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. आतड्याचे, काळजाचे बारीक तुकडे चमच्याने गोळा करून चावले. घाई केली नाही की तोंड वाकडं केलं नाही. उरलेला भात रश्शात कालवून खाल्ला आणि वाडगा रिकामा करून खाली ठेवला.

आर्नेलचा चेहरा उजळला. "आवडलं!" असं काहीतरी स्वतःच्या भाषेत ओरडत तो रिकामा वाडगा घेऊन स्वयंपाकघराकडे धावलाच. सुकन्येने त्याला थांबवायला हात वर केला, पण तो गेलासुद्धा.

टेबलावर दोघंच उरली. पुंजाजींनी ग्लासभर पाणी एका दमात संपवलं.

"पित्त फुटलं व्हतं," ते म्हणाले.

"माहीत हाय."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"तुमी काहून बोलले न्हाई, आबा?" ती म्हणाली. "मामाच्या घरून तर उठले व्हते तुमी."

पुंजाजींनी मिशा पुसल्या. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत आर्नेल मावशीला काहीतरी सांगत होता आणि दोघंही हसत होती.

"तवा रक्त गरम व्हतं. तुही माय रडत व्हती अन् मी मागं वळून पाह्यलं न्हाई," ते म्हणाले. "आता तू इथं येकटी. पंधरा दिस झाले, तुहा फोन वाजला की तू बाहीर जाऊन बोलती. आज या पोराकडं मान वर करून बगत बी न्हाईस. इतकं कोन घाबरतं, नुसत्या ओळखीच्या मानसाला?"

सुकन्येला डोळ्यांतलं पाणी लपवता आलं नाही. कडेच्या टेबलावरची माणसं बघत होती, बघू देत.

"आबा, ते फुटलं न्हाई, त्यानं..."

"असू दे. चुकतं हातून," पुंजाजी म्हणाले. "परक्याचं असतं तर उठलो असतो."

आर्नेल परत आला. या खेपेला वाडगा काठोकाठ भरलेला होता आणि न सांडता आणायच्या नादात त्याची जीभ दातांत आली होती. त्याने तो पुंजाजींच्या पुढे ठेवला. पुंजाजींनी एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे पाहिलं, आणि वाडगा दोन्ही हातांनी जवळ ओढला.