महेश्वरीचा डावा डोळा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे, पण मला नंबर नाही. मी वाचायला उपयोगी नाही आणि उन्हात मिरवायला तर मुळीच नाही. मी टीव्हीबरोबर आलेला, त्रिमिती चित्र दाखवणारा काळा चष्मा. मला घालून बसलं की पडद्यावरचा मासा पडदा सोडून बाहेर येतो आणि तुमच्या नाकापुढं शेपटी हलवतो. खरं तर येत कोणीच नाही, नुसतं तसं वाटतं. पण आमच्या धंद्यात तेवढंच तर काम असतं.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या दोन्ही काचा दिसायला जुळ्या, पण स्वभावानं वेगळ्या. टीव्ही दोन चित्रं एकमेकांत मिसळून दाखवतो. माझी डावी काच त्यातलं डाव्या डोळ्याचंच चित्र आत सोडते, उजवी उजव्याचंच. पुढं माणसाचा मेंदू ती दोन्ही जुळवतो आणि मग चित्र पुढं येतं, मागं जातं. मी कितीही फुशारकी मारली तरी बघणाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांनी साथ दिली नाही, तर माझ्या हातून काहीच होत नाही. एवढं लक्षात ठेवा.

माझी उमेदीची वर्षं पुण्यात, उमाशंकरच्या घरी गेली. पाहुणे आले की आधी आम्हाला बाहेर काढायचे, चहा मागाहून. आम्ही चार भाऊ होतो. मग लोकांची हौस फिटली. असे टीव्ही निघायचेही बंद झाले. एक भाऊ कोणाच्या तरी बुडाखाली मोडला, एक कुठं हरवला तो हरवलाच. उमाशंकरनं नवा टीव्ही घेतला आणि जुना परंड्याला थोरल्या भावाकडं, शिवपुत्रकडं पाठवून दिला. त्याच खोक्यातून आम्ही उरलेले दोघं टेम्पोत हिंदकळत इथं आलो.

शिवपुत्रचं परंड्यात बी-बियाणांचं दुकान. टीव्ही भिंतीवर चढला, पण आमचं काय करायचं ते कोणालाच कळेना. शिवपुत्रचे वडील महालिंगप्पा मला गॉगल समजून ऐटीत दुकानात गेले आणि जेवायच्या आतच परत आले. "ह्याच्यातनं समदं अंधारून येतंय. गिऱ्हाईक वळखू येईना," म्हणाले. मग शिवपुत्रची बायको महादेवी हिनं मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. कांदा चिरताना ती मला घालायची. थ्रीडीचा चष्मा आणि कांद्याला! सुरुवातीला मला फार लाज वाटली. पण नंतर समजलं, की खोक्यात पडून राहण्यापेक्षा रोज कोणाच्या तरी उपयोगी पडणं पुष्कळ बरं. त्या कांद्यांचे उपकार मी आजही मानतो.

या घरात शिवपुत्रची एक मुलगी होती, महेश्वरी. दुसरीत शिकणारी, गोड, पण घरात तिचं नाव धांदरट पडलेलं. पेल्यात पाणी ओतायला गेली की निम्मं ओट्यावर. चेंडू टाकला की तो गेल्यावर हात पुढं. सकाळी आजोबांशेजारी इष्टलिंगाच्या पूजेला बसायची, तर तळहातावरच्या लिंगावर वाहायचं बेलाचं पान मनगटावर पडायचं. "ध्यान कुठं असतंय गं तुझं?" महादेवी कातावून म्हणायची. महेश्वरी पान उचलून पुन्हा ठेवायची.

दिवाळीच्या सुट्टीत उमाशंकरचा फोन आला. थ्रीडी लावून पाहिलं का, असं त्यानं विचारलं आणि शिवपुत्रच्या अंगात आलं. पुण्याहून त्यानं सांगायचं आणि इकडं यानं रिमोट दाबायचा. आधी पडद्यावर शेजारी शेजारी नदीतल्या दोन सारख्या नावा दिसल्या. एक बटण दाबल्यावर दोन्ही मिळून एक झाली. मला कांद्याच्या खिळ्यावरून काढलं, धुतलं, पुसलं. त्या दिवशी मला फार भरून आलं.

पण टीव्ही होता उंच आणि मंडळी खाली सतरंजीवर. नाव बाहेर यायची नाही, नुसती दुहेरी दिसायची. "डोकं दुखायलंय," शिवपुत्र म्हणाला. पलंगावर बसलेले महालिंगप्पा माझ्या भावाला नाकावर चढवून म्हणाले, "मला तर झ्याक दिसतंय." हा टीव्ही समोरून, डोळ्यांच्या उंचीवरूनच बघायचा असतो, हे तेव्हा कुठं ध्यानात आलं. सगळे पलंगावर चढले. आळीपाळीनं आम्हाला घालू लागले. नाव अंगावर आली की महालिंगप्पा चक्क मागं सरायचे, शिवपुत्र तिला धरायला हात पुढं करायचा आणि महादेवी तोंडाला पदर लावून हसायची.

शेवटी मी महेश्वरीच्या नाकावर आलो. तिनं हात पुढं केला खरा, पण बाकीच्यांकडं बघून, आणि नाव गेल्यावर.

"दिसली का?" शिवपुत्रनं विचारलं.

"नाव टीव्हीतच हाय, अप्पा," ती हळूच म्हणाली.

सगळा दोष माझ्यावर आला. "कांदं चिरून चिरून काच गेली ह्याची. टाकून द्यावा," शिवपुत्र म्हणाला. तरी टाकण्याआधी त्यानं मला स्वतः घालून पाहिलं, तर नाव बाहेर आली. मला परत लेकीला घातलं, तर नाव आतच. कोणती काच बिघडली ते बघायला तो म्हणाला, "डावा डोळा झाक. काय दिसतंय?"

"नाव. पाणी. वल्हं मारणारा माणूस."

"आता उजवा झाक."

तिनं झाकला. मग म्हणाली, "उजेड."

"अन् नाव?"

"नाव कशी दिसंल? त्यो बघायचा डोळा न्हाय."

शिवपुत्रनं मला तिच्या डोळ्यांवरून काढलं. उजव्या डोळ्यावर आपला तळवा धरला आणि बोटं दाखवली. तिला ती मोजता येईनात. वडिलांचा चेहरा बघून ती घाबरली. "एक डोळा बघायला असतोय अन् एक बरोबरीला. समद्यांचं तसंच असतंय न्हवं?"

महालिंगप्पांनी टीव्ही बंद केला. महादेवी लेकीला जवळ ओढून रडायला लागली. "किती बोलले गं मी तुला," एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत होती.

दुसऱ्याच दिवशी ते तिला बार्शीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. बाईंनी तपासून सांगितलं, की डाव्या डोळ्याला मोठा नंबर आहे. नीट दिसत नाही म्हणून मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकणंच सोडलंय. एका डोळ्यानं जवळ-लांबचा अंदाज येत नाही, म्हणूनच तिचं पाणी सांडतं आणि चेंडू सुटतो. नंबरचा चष्मा लावायचा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. "वेळेत आलात. आणखी काही वर्षं गेली असती तर मलाही हात टेकावे लागले असते," त्या म्हणाल्या. पण डोळा पुरता जागा होईल याची हमी त्यांनी दिली नाही.

ते महिने फार जड गेले. पट्टी लावली की महेश्वरी दाराला धडकायची, चिडायची, पट्टी ओढून काढायची. महादेवी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायला द्यायची, फुलं ओवायला द्यायची, आणि आता रागवायची नाही. एके दिवशी महालिंगप्पांनीही आपल्या डोळ्याला पट्टी लावली आणि तसेच दुकानात जाऊन बसले. "अण्णा, डोळा आलाय काय?" गिऱ्हाईकं विचारायची. "न्हाय, नातीला सोबत देतोय," ते सांगायचे. त्यानंतर महेश्वरीनं पट्टीला नाही म्हटलं नाही. मला मात्र मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. माझ्या उपकाराची आठवण त्यांनी ठेवली होती, मीच नुसता काळजीनं वाळत होतो.

उन्हाळा सरता सरता बार्शीच्या बाईंनी तक्त्यावरची खालची ओळ महेश्वरीच्या डाव्या डोळ्याकडून वाचून घेतली. त्या संध्याकाळी शिवपुत्रनं पुन्हा टीव्ही लावला. महेश्वरीनं नंबरच्या चष्म्यावर मला चढवलं. पडद्यावर पाखरांचा थवा होता. कोणी काही बोलायच्या आत तिनं झटकन मान मागं घेतली.

"अप्पा, पाखरू माझ्याकडं यायलंय."

महेश्वरीनं मला काढून पलंगावर ठेवलं आणि दारातून बाहेर बघितलं. मग उठून अंगणात गेली. लिंबाच्या झाडाखाली मान वर करून उभी राहिली.

"आई, पानापानांच्या मधी मोकळी जागा हाय गं," ती म्हणाली.

आत पाखरं उडतच होती. शिवपुत्रनं दोनदा हाका मारल्या, पण ती काही टीव्हीकडं परत आली नाही. मी पलंगावर पडून होतो आणि मित्रांनो, आयुष्यात इतका सुखी मी कधीच नव्हतो. आता तिला माझी गरज उरली नव्हती.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. आज घरी गेलात की आधी एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. धाकट्या भावंडांनाही बघायला लावा आणि फरक वाटला तर मोठ्यांना लगेच सांगा. एखादं मूल सारखं सांडत असेल, अडखळत असेल, तर त्याला धांदरट म्हणण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. ते स्वतः तक्रार करणार नाही. जे कधी दिसलंच नाही, ते दिसत नाही हे त्याला कसं कळणार?