अर्धी मिशी

एक तास न बोलता, न हलता बाकावर बसून दाखवीन, अशी पैज मी खालच्या सलूनवाल्याशी लावली. हरेल त्याची अर्धी मिशी उडवायची, तीही भर रस्त्यात. त्याची मिशी चांगली झुपकेदार, त्यामुळं शेजारीपाजारी लगेच गोळा झाले.

"तू? आणि तासभर?" औषधवाली खो खो हसली. "झोपेतसुद्धा बडबडतोस मेल्या!"

खोटं नव्हतं. आपल्या डोक्यात दहा रेडिओ एकदम चालू, आणि बटणं कुणाकडं आहेत ते देवाला ठाऊक. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरनं या आजाराला लांबलचक नाव दिलं. लहानपणी त्याचं नाव नुसतं 'कार्टं' होतं. त्या नावावर नोकऱ्या गेल्या, बायको गेली. उरली आई. गुडघ्यांपायी दोन वर्षांत जिना उतरली नव्हती. रोज संध्याकाळी विचारायची, "आज काय पाहिलंस रे?" मग मी अख्खा रस्ता तिच्या पलंगावर आणून ओतायचो. माझं भरकटणं तेवढ्यापुरतं तरी कामाला यायचं.

पण महिन्यात तिसऱ्यांदा माझ्याकडून गॅस चालू राहिला. दादाचा फोन आला, "पाचला येतो. तुझं कसं चाललंय ते बघतो, मग आईचं ठरवू." म्हणून तर ही पैज. दादानं यावं आणि मी एका जागी, शहाण्यासारखा बसलेला दिसावा. सव्वाचारला बसलो.

दादा वेळेवर आला. गाडीच्या मागच्या सीटवर गादी अंथरलेली, वर उशी. ठरवायला येणारा माणूस उशी घेऊन येतो होय?

तरी मी बसून राहिलो. अजून पंधराच मिनिटं, मग तो बघेलच, असं वाटत होतं. वेडाच मी.

दादानं आणि शेजारच्या सायकलवाल्यानं आईला खुर्चीतून खाली आणलं, गाडीत ठेवलं.

"बघा," दादा सगळ्यांना म्हणाला, "आई चाललीय आणि हा बाकावरून उठत नाही. याला कशाचं काही आहे का?"

"अहो, पैज लागलीय," सलूनवाला पुटपुटला.

"पैज!" दादानं कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून आईनं विचारलं, "आज काय पाहिलंस रे?"

उठलोच. गेली मिशी खड्ड्यात. खिडकीला लटकलो. "आई, औषधवाली पावती फाडताना जीभ बाहेर काढते! आणि सलूनवाला केसाला लावायच्या आधी कात्री दोनदा हवेतच चालवतो. आणि एक आजोबा रस्ता ओलांडताना फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरच पाय ठेवत होते. शेवटची पट्टी पुसलेली, तर तिथंच थांबले!"

आई हसली. "अगं बाई! मग? पुढं काय केलं त्यांनी?"

दादानं काच वर घेतली. गाडी निघाली.

सलूनवाला म्हणाला, "राहू दे रे. मी नाही धरत ही पैज."

"का? आण खुर्ची बाहेर!"

आणली. लोक जमले, पोरं खिदळली, मीही खिदळलो. त्यानं डाव्या बाजूला फेस लावला आणि वस्तरा धरून हळूच विचारलं, "त्या आजोबांचं काय झालं रे?"

"आले तसे मागं फिरले."

"बरं. आता हलू नकोस."

नाही हललो.