बुडालेल्या भिंतीकडचं पाणी

तिसऱ्या शनिवारीही सोमनाथची छोटी कयाक होडी मासळीविनाच काठाला लागली आणि मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. शाहबाजला वाटलं, म्हातारी हसतेय. हसू कसलं, सुटकेचा श्वास होता तो.

"भोयाचा पोरगा म्हणवतोस अन् एक मासोळी गावंना तुला," त्या म्हणाल्या. "त्यापरीस दुकानातनं आण. साफ करून देत्यात."

"आई, तू सांगतेस तिथंच गळ टाकतोय मी."

ते मात्र खरं होतं. इंटरनॅशनल सिटी या आखातातल्या वस्तीतून पहाटे निघून या डोंगरातल्या धरणावर यायचं खूळ शाहबाजचं. सोमनाथच्या ऑफिसातला हा पेशावरचा गडी. या पाण्यात कुणीतरी बास नावाचा परदेशी मासा सोडलाय, असं त्यानं ऐकलं होतं. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मुक्ताबाई म्हणाल्या होत्या, "तोंड बघा मेल्याचं, तपेलं मावंल!" पण त्या तोंडावरूनच त्यांनी ओळखलं, हा आपल्या मरळीसारखा दबा धरून बसणारा मासा. पाणी चढलं की काठच्या झुडपांत शिरणार, उतरायला लागलं की झुडपं सोडून खोल पाण्याच्या कडेला आडोसा धरणार. मोठ्या पावसानं भरलेलं हे धरण आता दर शनिवारी वीतभर उतरलेलं दिसत होतं. खडकावरची ओली रेघच सांगत होती. आडोसाही समोर होता. बुडालेल्या खजुराच्या बागेची दगडी भिंत, तिचं टोक आज पहिल्यांदा पाण्याबाहेर आलं होतं.

आणि मुक्ताबाई पोराला तीन शनिवार उथळ, उघड्या पाण्यात पाठवत होत्या.

पाण्याखालच्या भिंती त्यांना पाठ होत्या. भीमेवरच्या धरणात गाव गेलं, तरी भोयांनी पाण्याला गावाचीच नावं दिली. जाळं कुठं टाकलं म्हणून विचारलं, तर सांगायचं, पाटलाच्या ओसरीवर, शिंप्याच्या माडीवर. थोरल्या मुलाला, किसनला, त्यांनीच सांगितलं होतं, "पाणी उतरतंय, आपल्या चुलीवर टाक." मासा तिथंच होता. पण जाळं घराच्या पडक्या भिंतीत अडकलं आणि काठावरून मुक्ताबाई ओरडल्या, "नवं जाळं सोडून आलास तर तोंड दावू नगंस!" किसननं बुडी मारली. दोन दिवसांनी त्याला स्वतःच्याच घरातून वर काढला.

तेव्हापासून कुठलंही पाणी बघितलं, की खालून कुणीतरी वर बघतंय असं त्यांना वाटे. इथंही. परमुलखातल्या, परक्या माणसांच्या भिंतीखालूनही.

शाहबाजनं थर्मासमधला चहा पुढं केला. "माँजी, यल्ला, चलो, सच बोलो. मछली किधर है?"

"मला काय विचारतो? मी काय तिची सासू हाय?"

सोमनाथ हसला नाही. "आई, ती भिंत मलाही दिसतेय," तो हळू म्हणाला. "तू म्हणशील तरच जातो. नाहीतर खलास, पुन्हा नाही येणार. पण दादा गेल्यापासून अकरा वर्षं पाण्याबद्दल एक खरा शब्द तू मला सांगितला नाहीस."

मुक्ताबाईंनी चहाचा पेला खडकावर ठेवला.

"जा. भिंतीच्या खोल अंगाला टाक. पण अडकलं तर दोरी कापायची. पाण्यात हात घातलास तर याद राख."

दुसऱ्याच फेकीला दोरी ताणली. गळाची काठी वाकली ती वाकलेलीच राहिली. मासा असता तर हिसके दिले असते. हे अडकलं होतं. सोमनाथ कयाकवरून पुढं झुकला.

"काप!" चपला काठावर टाकून मुक्ताबाई गुडघाभर पाण्यात शिरल्या. "काप म्हणते ना! शंभर गळ आणून देते तुला! टाक सोडून अन् माघारी ये!"

काठी एकदम सरळ झाली. सोमनाथ वल्हवत आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग गेलेला होता.

"कापलीस ना?"

त्यानं दोरी दाखवली. टोकाला गळ तसाच होता. "चाकू उघडतच होतो गं. खालूनच सुटली. हिसकासुद्धा नाही. कुणी हातानं अलगद काढावी तशी."

शाहबाज हसला. "लकी है तू, हबीबी! फिर से डाल, मछली वहीं बैठी है।"

सोमनाथनं आईकडं पाहिलं. ती अजून पाण्यातच उभी होती, भिंतीकडं तोंड करून.

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. आवाजात नेहमीची धार नव्हती. "पुन्हा तिथं टाकू नगंस. तुझ्या दादाला किती येळा खाली जायला लावायचं?"