घड्याळांच्या पोटातली चित्रं

बारा वाजत आले तरी आत्याच्या भिंतीपुढे कुणी दहा सेकंदांच्या वर टिकेना. मोजपट्टीने वहीत सत्ताविसावी नोंद केली: सहा सेकंद.

मोजपट्टी हे आत्याने भाचीला ठेवलेलं नाव. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ही पोरगी आता कलावंत आपलं काम लोकांपुढे कसं मांडतात, कसं छापतात, याचा अभ्यास करत होती. तोही सेकंदांत.

आत्या तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत आली होती. घड्याळ उघडलं की आधी चित्र, मग स्क्रू ड्रायव्हर, ही तिची रीत. कुठला भाग कुठे होता ते विसरायला नको! पोस्टकार्डाएवढा कागद, काळी शाई, दातेरी चाकं, स्प्रिंगा, कोपऱ्यात तेलाचा डाग. दुकानाचे खण अशा चित्रांनी भरले होते. भाचीने त्यांतली चाळीस निवडली, कलादालनात दाखवली आणि एक भिंत मिळवली. दालनात आज तीन नवख्या चित्रकारांच्या तीन भिंती होत्या. चार वाजता संचालिकाबाई येऊन तिघांपैकी एकाचं पुस्तक छापायचं ठरवणार होत्या. "छापलं तर छापलं," असं आत्या म्हणायची खरी, पण सकाळपासून तिने तीनदा केस विंचरले होते.

"हे बघा, याची पिन मोडली होती," आत्या एका बाईंना सांगत होती. "आणि हे चाक... हे नाही हो, शेजारचं..."

बाई मान डोलावत डोलावत मागे सरकल्या आणि पुढच्या भिंतीकडे निघून गेल्या.

भाचीला दिव्याचा संशय आला. काचेवर उजेड पडून माणसांना स्वतःचंच तोंड दिसत असणार. तिने शिडी आणून दिवा वळवला. चमक गेली. पुढची नोंद: सात सेकंद. मग उंची. चौकटी वीतभर खाली घ्याव्यात का, म्हणून ती टेप काढते तोच आत्या म्हणाली, "मी चहा पिऊन येते. घसा बसला बोलून बोलून."

आत्या गेली. भिंतीपुढून निघालेला एक उंच माणूस थबकला. चष्मा कपाळावर चढवून नाक काचेला लागेल इतका पुढे झाला. वीस सेकंद. पन्नास. दोन मिनिटं! भाचीने आकडा वहीत गिरवून लिहिला. पण एका नोंदीने काही सिद्ध होत नाही, हे ती पक्कं जाणून होती. मागोमाग दोन मैत्रिणी आल्या. नव्वद सेकंद. आत्या परतली आणि पुढचा माणूस पाच सेकंदांत पसार.

"आत्या, खालून मला एक पेन्सिल आणून देतेस?"

"तुझ्या कानावर आहे ती काय आहे?"

"बोथट झालीय गं."

आत्या कुरकुरत गेली. एक मिनिट दहा. दोन मिनिटं. आत्या आली. चार सेकंद.

आता भाचीला एका जागी उभं राहवेना.

"आत्या, रागावू नकोस."

"म्हणजे रागवायचंच काहीतरी आहे."

"तू इथे असताना सरासरी सहा सेकंद. नसताना शंभरच्या आसपास."

आत्याने वहीतले आकडे दोनदा वाचले. "म्हणजे माझ्याच भिंतीपुढून मला हाकलतेस?"

"लोक चित्राकडे बघतच नाहीत, तुझ्या तोंडाकडे बघतात. सभ्य माणसं आहेत. बोलणाऱ्याकडे पाठ कशी करतील? मान डोलावतात आणि सुटतात."

"मी सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं?"

"नाही कळलं की जवळ जाऊन बघतील. तेच तर हवंय!"

आत्याने वही मिटून तिच्या हातात दिली. "गिऱ्हाईक आलं की काय बिघडलंय ते समजावायचं, ही तीस वर्षांची खोड," ती म्हणाली. "बरं, कुठे बसू?"

समोरच्या बाकावर, दुसऱ्याच चित्रकाराचं माहितीपत्रक हातात देऊन भाचीने तिला बसवलं.

चारला दहा मिनिटं असताना एक म्हातारं जोडपं आलं. "हा शहराचा नकाशा," आजोबांनी जाहीर केलं. "हा मधला चौक, हे रस्ते."

"काहीतरीच! नकाशाला स्क्रू असतात का?" आजी म्हणाल्या.

बाकावर आत्या अर्धी उठली. भाचीने डोळे वटारले, तशी ती जीभ चावून खाली बसली. आजी-आजोबा एका चित्रावरून दुसऱ्यावर भांडत चालले होते. त्यांच्यामागे संचालिकाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या, ते कुणाला कळलंच नाही. बाईंनी पहिली ओळ पाहिली. दुसरी पाहिली. मग वाकून तिसरी पाहिली. भाचीने सेकंद मोजायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

"ही घड्याळाची आतली बाजू ना?" बाई शेवटी म्हणाल्या. "चित्रकार कुठे आहेत?"

"मी! मी!" आत्या ताडकन उठली. "आणि आजोबा, तो चौक नाही, तोल सांभाळणारं चाक आहे!"

आजी खो खो हसायला लागल्या. आजोबा मात्र पुन्हा नाक काचेला लावून, "कुठलं? कुठलं?" विचारत राहिले.

"तुमचंच पुस्तक करू या," बाई म्हणाल्या. "पण चित्रांखाली एक ओळही नको. ही दोघं बघत होती तसंच वाचकाने बघायला हवं. शेवटी चार पानं तुमची. तिथे काय ते सांगा."

भाचीने टुणकन उडीच मारली. आत्या मात्र कपाळाला आठ्या घालून हिशेब करत होती. "चार पुरायची नाहीत."

"आत्या!"

"सहा घ्या," बाई हसून म्हणाल्या.

"बघ मोजपट्टी," आत्याने भाचीच्या पाठीत धपाटा घातला, "बोलून दोन पानं मिळवली. चल, आता पहिलं चित्र कुठलं ते ठरवू. मी सांगते ते."

"तू नाही, मी सांगते," म्हणत भाची तिच्या आधी भिंतीपाशी पोचलीही होती.