बाहेरच्या खोलीतलं अर्थिंग

कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लागला की तिच्या बोटांत झिणझिण्या यायच्या. शॉक म्हणावा इतकं नाही. मुंग्यांची रांग हातावरून गेल्यासारखं. पुस्तकांची अक्षरजुळणी करण्याचं तिचं काम, त्यामुळे दिवसभर तिथेच बसणं, आणि पेनड्राइव्ह लावताना हात लागायचाच. तिने पायांत रबरी चपला घालायला सुरुवात केली, पण वायरमनला काही बोलावलं नाही.

नवरा जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. नळ गळायला लागला तेव्हा तिने प्लंबर आणला, खिडकीची काच फुटली तेव्हा काचवाला. हे एवढं काम मात्र तिने त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं. तो येईल, पहिला दिवस नुसता झोपून काढेल, मग टेबलाखाली शिरेल, दातांत स्क्रू धरून बोबडं बोलत राहील, आणि आपण बॅटरी धरून उभ्या. काम करता करता मध्येच तिला हे दिसायचं आणि हातातली ओळ चुकायची.

सासूबाई म्हणायच्या, "जगाचे दिवे लावत फिरतो आणि इथे दिव्याखाली अंधार."

"येईलच की आता महिनाअखेर."

महिनाअखेर तो आला नाही. त्याच्या जागी यायचा माणूस आजारी पडला होता. "अजून किती दिवस?" तिने फोनवर विचारलं. "सांगत नाहीत गं. पुढच्या बंदरावर कळेल," तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली आणि जेवलास का, ते विचारलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी अनवाणी, ओलं फडकं घेऊन टेबल पुसायला काढलं. ती स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा फडकं जमिनीवर पडलेलं आणि सासूबाई खुर्चीत बसलेल्या.

"काही झालं नाही. जरा हाक मारली मेल्याने," त्या म्हणाल्या. पण पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला. तिने बटण बंद करून प्लग उपसला. आपल्या हट्टापायी हे झालं, असं वाटून तिला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा सासूबाईंनीच सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला.

"कधीपासून होतंय हे?"

"तू गेलास त्यानंतर लगेच," ती म्हणाली.

"आणि मला आत्ता सांगतेस?"

तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. मग त्याचा आवाज कामावरचा झाला. चपला घातल्यावर लागतं का? कमी लागतं. प्लग तीन पिनांचाच ना? हो. "मग डबा उचल आणि फ्रीजच्या सॉकेटवर लावून बघ. बोटाची मागची बाजू हलकेच टेकव."

दोघींनी मिळून डबा स्वयंपाकघरात नेला. सासूबाई म्हणाल्या, "आता याला फोडणी द्यायची का?" आणि पलीकडे तो हसला. तिने बोट टेकवलं. लोखंड गार, गप्प होतं.

"म्हणजे मशीन चांगलं आहे. बाहेरच्या खोलीतल्या बोर्डला अर्थिंग मिळत नाहीये. उद्या वायरमन बोलाव."

"तू आल्यावर केलं असतंस."

"मी कधी येणार ते मलाच माहीत नाही."

"तुझ्यासाठीच ठेवलं होतं रे," ती म्हणाली. सासूबाई उठून गॅलरीतले कपडे काढायला गेल्या. ते अजून वाळलेही नव्हते.

"इथे आम्ही रोज अर्थिंग तपासतो," तो म्हणाला. "घरचं एकदाही बघितलं नाही मी. बोलाव त्याला. माझी वाट बघता बघता आईला नि तुला काही झालं तर मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने मेन बंद करून बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर भिंतीतून आली होती, पण सॉकेटला जोडायचीच राहून गेली होती. त्याने ती जोडली, सगळ्या खोल्यांतली सॉकेटं तपासली आणि चहा घेऊन गेला. ती बॅटरी धरून उभी राहिली नाही. सासूबाई राहिल्या.

दुपारी ती चपला काढून कामाला बसली. डब्यावर तळहात ठेवून पाहिला. काहीच लागलं नाही, आणि तरी तिने हात लगेच काढला नाही. मग त्याला कळवलं, "झालं काम."

"बरं झालं," त्याचं उत्तर आलं. थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली: "आता माझ्यासाठी काय ठेवलंस?"

तिने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. "तू ये नुसता. घरात काहीतरी बिघडायला कितीसा वेळ लागतो?"

तोवर जहाज बंदर सोडून निघालं असावं. तिचा निरोप पोचलाच नाही, एकाच टिकवर अडकून राहिला. आतून सासूबाईंनी काय म्हणतोय म्हणून विचारलं, तेव्हा "बरा आहे" एवढंच सांगून तिने अर्धं राहिलेलं पान पुढे घेतलं.