उपाशी मारणारी गाठ

"तुझ्या ताईची गाठ तसली नाही," सरांनी सांगून टाकलं. "नवीन औषध तिच्या कामाचं नाही."

तसली म्हणजे कसली? कॅन्सरच्या काही गाठी एक एन्झाइम बनवतात. ते आजूबाजूचं एक पोषकद्रव्य फस्त करतं. रक्तातल्या लढाऊ पेशींना नेमकं तेच लागतं, म्हणून त्या तावातावाने येतात आणि गाठीच्या दारात भुकेने लोळतात. नवीन औषध त्या एन्झाइमचा हात रोखतं. पण आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत ताईच्या गाठीच्या तुकड्याशेजारी ठेवलेल्या लढाऊ पेशी मजेत होत्या. म्हणजे एन्झाइम नाही. आणि सर चालवत असलेल्या या औषधाच्या चाचणीत रुग्ण घेणं पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बंद होणार होतं.

बशा आमची एक सहकारी सांभाळायची; तिला आम्ही टापटीप म्हणायचो. रोज सकाळी जुनं द्रव काढायचं, ताजं घालायचं, हा प्रयोगशाळेचा शिरस्ताच. त्या आठवड्यात ती तापाने पडली. सोमवारी ती परतल्यावर आम्ही बशांचं कपाट उघडलं, तर ताईच्या बशीतल्या लढाऊ पेशी पार गळालेल्या.

"शिळं झालंय. फेका," सर म्हणाले.

"खबरदार!" मी ओरडले. सरांवर! "शेजारच्या बशीत नुसत्या लढाऊ पेशी आहेत. तेवढंच शिळं द्रव, तरी ठणठणीत. मग इथलं खाल्लं कोणी?"

टापटीपने कपाळावर हात मारला. "अगं बाई! मी रोज वाढत गेले, ही भवानी रोज खात गेली, आणि ताट भरलेलंच दिसत राहिलं!"

सरांनी दोन्ही बशा पुन्हा तपासल्या. मग म्हणाले, "एका बशीवर मी कुणाला औषध देणार नाही. पुन्हा लावा."

लावल्या. निम्म्या बशांत औषध, निम्म्या तशाच. कपाटावर मी चिठ्ठी डकवली: द्रव बदलाल तर गाठ माझ्याशी आहे. तीन दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. गुरुवारी पाहिलं, तर औषधाविना पेशी आडव्या, आणि औषधाच्या बशांत त्या गाठीला चक्क भिडलेल्या. सरांनी ताईला चाचणीत घेतलं.

पहिली गोळी घेऊन ताई माझ्यासमोर जेवायला बसली. महिनाभर तिचं ताट तसंच परत जायचं.

"म्हणजे माझ्याच घरात राहून माझ्याच माणसांना उपाशी ठेवलं मेलीने?"

"हो."

"आणि गोळी लागू पडेल?"

"बशीत पडली. तुझ्यात पडेलच असं नाही सांगता येत."

"बरं. लढणाऱ्यांना खायला तर मिळेल." असं म्हणून तिने माझ्या ताटातला घास उचलून तोंडात टाकला. लहानपणी अस्संच करायची, आणि मी घर डोक्यावर घ्यायचे.

आज मी ताटच तिच्यापुढे सरकवलं. रडू आवरेना.

"रडतेस काय?" ती म्हणाली. "आणखी वाढ."